तेवीस स्टँडांचा हिशेब

पत्र : मी परभणीत एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. गच्चीवर बोन्साय जोपासण्याचा छंद आहे आणि आजमितीस माझ्याकडे चौदा झाडे आहेत : वड, पिंपळ, उंबर, चिंच, दोन बोगनवेली आणि बाकी फायकसचे, म्हणजे वडाच्याच कुळातले, इतर प्रकार. प्रदर्शनात झाड मांडायचे तर त्याखाली लाकडी स्टँड लागतो. इथल्या सुताराने एका स्टँडचे ४,००० रुपये सांगितले. तेव्हा स्टँड आपणच बनवावेत असे ठरवून मी टेबल सॉ (चिराईचे यंत्र), थिकनेस प्लॅनर (फळीची जाडी काढणारे यंत्र), राउटर (लाकडात खाचा पाडणारे यंत्र), सँडर (घासून गुळगुळीत करणारे यंत्र) आणि किरकोळ सामान अशी ९२,००० रुपयांची यादी केली आहे. तेवीस स्टँड झाले की सगळे पैसे वसूल होतात. पत्नीला मात्र हा हिशेब पटत नाही. ‘हा हिशेब नव्हे, हौस आहे,’ असे तिचे म्हणणे. पुढच्या वर्षी मुलीचे शिक्षण परगावी सुरू होणार असल्याने पत्नीची काळजी मला समजते. वाद वाढू नये म्हणून राउटर मी महाविद्यालयाच्या पत्त्यावर मागवला; तो तिथल्याच कपाटात आहे. ही खरेदी घरी कशी पटवून द्यावी? — एक वाचक, परभणी

उत्तर :

स. न. वि. वि.

पत्नीला कसे पटवावे, असे आपण विचारले आहे. पण आपला हिशेब आधी तपासून पाहिला, तर पटवण्यासारखे त्यात फारसे काही उरत नाही, हे मोकळेपणाने सांगावे लागेल. ९२,००० भागिले ४,००० म्हणजे तेवीस, हा भागाकार बरोबर आहे. परंतु त्यात लाकूड फुकट धरले आहे. सागाची फळी, पॉलिश, काचकागद, गोंद आणि बोथट झालेली पाती मिळून एका स्टँडला दीड हजार रुपये लागतील असे धरा; म्हणजे प्रत्येक स्टँडमागे वाचणारी रक्कम ४,००० नसून २,५०० होते आणि वसुलीसाठी तेवीस नव्हे, सदतीस स्टँड करावे लागतात. नोकरी सांभाळून महिन्याला एक स्टँड झाला तरी तीन वर्षांहून अधिक काळ गेला. शिवाय नवशिक्याचे पहिले दोन-तीन स्टँड प्रदर्शनात ठेवण्याजोगे होत नाहीत, ते वेगळेच.

त्याहून मोठी अडचण अशी की आपल्याला सदतीस काय, तेवीस स्टँडसुद्धा लागणार नाहीत. चौदा झाडांपैकी प्रदर्शनात नेण्याइतकी तयार झाडे किती, हे आपणच ठरवा. माझा अंदाज चार-पाचांच्या पुढे जात नाही. स्टँड काही झाडाच्या कायमच्या मालकीचा नसतो. एकाच मापाच्या स्टँडवर या वर्षी उंबर आणि पुढच्या वर्षी बोगनवेल ठेवता येते. वेगवेगळ्या मापांचे आणि उंचीचे पाच-सहा स्टँड हाताशी असले की गच्चीवरच्या संग्रहाची गरज भागते. हे पाच-सहा स्टँड सुताराकडून करून घेतले तर २०,००० ते २४,००० रुपये होतात. पैसे वाचवणे हाच हेतू असेल, तर त्याचे उत्तर इथेच मिळाले : स्टँड सुताराकडून करून घ्यावेत.

पण आपला हेतू तो नाही, असे पत्र वाचताना वाटते. चार ओळींत हिशेब उरकून आपण जी यादी केली आहे, ती यादी करताना आपल्याला झालेला आनंद शब्दाशब्दांतून दिसतो. आपल्याला सुतारकाम करायचे आहे. रंध्यातून निघणारी पातळ साल, खाचेत न डुगडुगता बसलेली कूस (पट्टीच्या टोकाला काढलेली जीभ), स्वतःच्या वडाखाली स्वतः केलेली बैठक, या गोष्टींची ओढ आहे. त्यात गैर काहीच नाही. पत्नीने ‘हौस’ म्हटले, तो आपण आरोप समजलात. मला तर ते अचूक निदान वाटते. हौसेला बचतीचे कपडे चढवले की समोरचा माणूस साहजिकच तिचा हिशेब तपासायला बसतो आणि हिशेब चुकलेला निघाला की हौसेचीही पत जाते. त्याऐवजी ‘मला हे काम शिकायचे आहे, त्यासाठी या वर्षी अमुक इतकेच पैसे खर्च करीन, मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांना हात लावणार नाही,’ असे सरळ सांगितले तर बोलणे रकमेपुरते राहते, आणि रकमेवर दोघांचे एकमत होऊ शकते.

कपाटातल्या राउटरविषयी आजच घरी सांगावे. पैसे किती गेले हा प्रश्न दुय्यम आहे. यापुढे महाविद्यालयातून घरी येणाऱ्या प्रत्येक पिशवीकडे संशयाने पाहिले जाऊ नये, यासाठी हे आवश्यक आहे. सांगताना कारणमीमांसा करू नका. गंमत अशी की आपल्या यादीत स्टँडसाठी सर्वांत उपयोगी पडणारे यंत्र नेमके तेच आहे, फक्त त्याची पाळी अजून आलेली नाही.

आता यादीकडे वळू. स्टँड कशाला लागतो आणि तो कसा असतो, हे आधी लक्षात घेतले म्हणजे कोणते हत्यार हवे ते आपोआप ठरते. बोन्सायचे झाड वर्षभर स्टँडवर राहत नाही. ते बाहेर, उन्हा-वाऱ्यात असते, आणि प्रदर्शनापुरते किंवा घरी पाहुणे येणार असतील तर एखाददुसरा दिवस आत येते. गच्चीवर रोजच्या ठेवणीसाठी विटांच्या किंवा सिमेंटच्या ठोकळ्यांवर टाकलेली शहाबादी फरशी पुरते. तिला पाण्याचे भय नाही, उन्हाचेही नाही. तेथे लाकूड वापरण्याच्या फंदात पडू नये. प्रदर्शनाची परंपरा जपानी आहे. टोकोनोमा नावाच्या भिंतीतल्या कोनाड्यात झाड, बैठक आणि चित्राची गुंडाळी एकत्र मांडण्याची तिथली रीत. टोकियोत १९३४ पासून भरणाऱ्या कोकुफू-तेन या प्रदर्शनातही झाड, कुंडी आणि स्टँड ही तिन्ही एका नजरेने पाहिली जातात. स्टँडने झाडाला उचलून धरावे, स्वतः पुढे येऊ नये. म्हणून रंग गडद, चकाकी मंद आणि नक्षी बेताची.

ढोबळमानाने त्याचे दोन प्रकार धरावेत. एक म्हणजे जमिनीलगतची सपाट फळी, जिला जपानीत जिइता म्हणतात; दुसरा म्हणजे पाय असलेला स्टँड, ज्याला शोकु म्हणतात. आपल्याकडे देवघरात पाट आणि चौरंग असतात, तसाच हा फरक आहे. जाड बुंध्याच्या, भारदस्त झाडाला बुटका, जाड पायांचा, भक्कम स्टँड शोभतो. नाजूक फांद्यांच्या झाडाला बारीक पायांचा. कुंडीच्या काठाखाली झेपावणाऱ्या झाडाला उंच, कारण त्याच्या फांद्यांचा शेंडा टेबलाला टेकता कामा नये. मापाचा संकेत असा की कुंडीने वरच्या फळीची साधारण दोन-तृतीयांश लांबी व्यापावी. हे संकेत आहेत, कायदे नव्हेत. परंतु नवशिक्याने ते मोडण्यापूर्वी दोन-चार वेळा पाळून पाहावेत.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते, आणि माझ्या मते आपल्या पत्रातला खरा मुद्दा हाच आहे. स्टँड हे लहान तुकड्यांचे काम आहे. पाय चार-सहा इंचांचे, आडव्या पट्ट्या फूटभराच्या, जाडी पाऊण इंच. मोठी यंत्रे नेमकी अशा तुकड्यांसाठी गैरसोयीची, किंबहुना धोक्याची असतात. थिकनेस प्लॅनरमध्ये लाकूड पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही रुळांच्या पकडीत राहावे लागते. आखूड तुकडा मधेच सुटला तर पाते त्याला उचलते, टोकाला खड्डा पाडते, क्वचित मागे फेकते. टेबल सॉवर फूटभराची पट्टी चिरताना बोटे पात्यापासून फार दूर ठेवता येत नाहीत, आणि पट्टी पाते व मार्गदर्शक कठडा यांच्यामध्ये अडकली की ती उलट अंगावर येते. जाणकार सुतारही असे तुकडे ढकलण्यासाठी वेगळी काठी वापरतो, पात्यावरचे संरक्षक झाकण काढत नाही आणि लाकूड लांब असतानाच सगळी चिराई उरकून घेतो. आपण गच्चीवर किंवा घराच्या एखाद्या खोलीत, एकट्याने, रविवारी दुपारी हे यंत्र चालवणार आहात. धूळ आणि आवाज यांबद्दल शेजाऱ्यांचे मत काय होईल ते मी सांगायला नको.

तेव्हा टेबल सॉ आणि थिकनेस प्लॅनर यादीतून काढून टाकावेत. चिराई आणि जाडी काढणे ही दोन्ही कामे सॉ मिलवर करून मिळतात. आपल्याला हवी ती जाडी, उदाहरणार्थ पाऊण इंच, लिहून न्यावी; लांब फळ्या तिथेच चिरून व रंधून घ्याव्यात आणि आखूड तुकडे घरी करवतीने कापावेत. यादीतला सर्वांत मोठा खर्च या एका निर्णयाने कमी होतो.

राहिलेल्या कामासाठी हाताची हत्यारे पुरतात, आणि ती कोणती हे नीट पाहून घ्या. एक बारीक दात्यांची करवत, एक लोखंडी रंधा, सहा, बारा आणि अठरा मिलिमीटरच्या तीन पटाश्या, लाकडी मोगरी, काटकोन तपासण्याचा गुण्या, फळीच्या कडेला समांतर रेघ ओढण्याचे साधन, चार क्लॅम्प, आणि धार लावण्याचा दगड. चांगल्या प्रतीची घेतली तरी हे सारे दहा-बारा हजारांत बसते. यापैकी दगडावर काटकसर करू नये. नवीन रंधा दुकानातून आणला की तो लगेच चालतो, ही समजूत चुकीची आहे. त्याचे पाते कारखान्याच्या घासणीवरच आलेले असते. पात्याची पाठ दगडावर सपाट करून, मग तिरप्या बाजूने घासून, उलटलेली कड हलकेच काढून टाकावी. हातावरची लव साफ निघेपर्यंत धार लावणे हे सुतारकामाचे पहिले काम आहे, आणि ते न करता लोक रंध्याला नावे ठेवतात व विजेचे यंत्र घ्यायला धावतात. परभणीत उन्हाळ्यात वीज जाते तेव्हा रंधा थांबत नाही, हा त्याचा आणखी एक गुण.

पुढची खरेदी कामाच्या मागणीप्रमाणे व्हावी. पहिले काम सपाट फळीचे करा. त्यासाठी करवत, रंधा आणि काचकागद एवढेच लागते. फळी सपाट करणे, कडा किंचित गोलसर करणे आणि तेल देणे यांत हात बसतो. दुसरे काम म्हणजे बुटका स्टँड, ज्यात फळीखाली दोन आडव्या पट्ट्या येतात. तिसरे काम पायांचे. पट्टीच्या टोकाला कूस काढून ती पायातल्या खाचेत बसवायची, आणि ही खाच पटाशीने पाडायची असते. चार पाय आणि चार पट्ट्या म्हणजे आठ खाचा. त्या हाताने पाडून झाल्या की राउटर कशासाठी हवा हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. तिथे कपाटातले यंत्र बाहेर काढा. तुकडा मेजाला घट्ट आवळल्याशिवाय ते लावू नका, आणि डोळ्यांवर चष्मा व नाकावर मास्क असू द्या. सागाची बारीक धूळ कित्येकांच्या श्वासाला आणि त्वचेला सोसत नाही. सँडर त्यानंतर घ्यावासा वाटला तर घ्यावा, न घेतल्यास फार बिघडत नाही.

एक सूचना हत्यारांची नाही, पण तिचा उपयोग सर्वांहून अधिक आहे. ज्या सुताराने ४,००० रुपये सांगितले त्याच्याकडून पहिला पायांचा स्टँड करून घ्या आणि तो करताना बसून पाहू देण्याची परवानगी मागा. वेळेचे वेगळे पैसे द्यावेत. आपल्या भागात तिफणी, वखर आणि बैलगाड्या करणाऱ्या घराण्यांतली मंडळी आज खिडक्या-दारे आणि प्लायवूडच्या कपाटांवर गुजराण करत आहेत. बाभळीच्या लाकडाला कुठे हात लावायचा आणि कुठे नाही हे त्यांच्या हाताला ठाऊक असते. चलचित्रे पाहून धार लावणे शिकता येते, पण दाब किती द्यायचा हे शेजारी बसल्यावरच कळते.

लाकडाची निवड मराठवाड्याच्या हवेशी जोडलेली आहे. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा अगदी कोरडी होते. जुलै-ऑगस्टमध्ये तीच हवा ओलसर. लाकूड या फरकाबरोबर रुंदीत आकसते आणि फुगते, लांबीत जवळजवळ नाही. साग या बाबतीत गुणी आहे : पूर्ण ओला असल्यापासून पूर्ण कोरडा होईपर्यंत तो वर्षवलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आणि वलयांना काटकोनात सुमारे २.५ टक्के आकसतो, तोही एकदाच. त्यानंतरचा ऋतूंचा खेळ लहान असतो, पण फूटभर रुंदीच्या फळीत तो दोन-तीन मिलिमीटरचा होतोच. म्हणून वरची फळी चौकटीला चारही बाजूंनी फेविकॉल लावून जखडू नये. ती चौकटीच्या खाचेत सुटी बसवावी, दोन्ही बाजूंना दीडेक मिलिमीटर जागा मोकळी ठेवावी आणि गोंद केवळ दोन्ही टोकांच्या मधोमध, बोटाच्या पेराएवढा लावावा. जखडलेली फळी उन्हाळ्यात लाकडाच्या रेषेने चिरते, आणि ती चीर भरून काढता येत नाही.

नवा साग महाग वाटत असेल तर जुन्या लाकडाच्या वखारीत जा. माळवदाची घरे उतरवली जातात तेव्हा तुळया आणि कडीपाट तिथे येतात. दोन-तीन पिढ्या छपराखाली वाळलेले ते लाकूड आता फारसे हलत नाही आणि त्याचा रंगही स्टँडला हवा तसा गडद असतो. मात्र रंधा लावण्यापूर्वी सगळ्या बाजूंनी लोहचुंबक फिरवावा. आत मोडून राहिलेला एक खिळा रंध्याच्या पात्याला असा दात पाडतो की पुढची सबंध संध्याकाळ दगडावर जाते. मातीही ताठ ब्रशने झाडून काढावी, कारण मातीतली वाळू धार मारते. नवा साग घेतल्यास पावतीसह घ्यावा. किनवट-माहूरच्या जंगलातला म्हणून कोणी स्वस्तात आणि बिनपावतीचा देऊ लागला तर घेऊ नये. आंबा टाळावा, त्याला कीड लवकर लागते.

पॉलिशच्या बाबतीत सुतार बहुधा लाखेचे स्पिरिट पॉलिश सुचवतील, कारण ते पटकन वाळते आणि सुंदर दिसते. कुंडीखाली ते टिकत नाही. पाण्याचा थेंब राहिला की पांढरा डाग उमटतो. प्रदर्शनाच्या सकाळी झाडाला पाणी घालून, कुंडी निथळू देऊन, बूड पुसून मगच ती स्टँडवर ठेवायची असते. तरीही एखादा थेंब राहतोच. जवसाचे शिजवलेले तेल पातळ थरांत, प्रत्येक थर पूर्ण वाळू देऊन, तीन-चार वेळा द्यावे; वर हवे तर मंद चकाकीचे पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश. तेल पुसलेले फडके बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते आणि ती बोळ्यात कोंडली तर फडके आपोआप पेट घेते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर हा धोका कागदावरचा नाही. फडकी दोरीवर मोकळी वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून मग टाकावीत.

खर्चाची मर्यादा म्हणून पंधरा हजार रुपये एका वर्षासाठी घरी मांडून पाहा, कपाटातला राउटर धरून त्यात किती उरतात तेही सांगा. हत्यारे आणि पहिली फळी या रकमेतच येतील. सुताराकडून करून घ्यायचा स्टँड त्यात बसत नसेल तर तो पुढच्या वर्षावर ढकलावा. मुलीच्या खर्चाबद्दल पत्नीला वाटणारी काळजी रास्त आहे. तिचा विरोध रकमेला असेल तर ही रक्कम तिला कदाचित मान्य होईल. तिला नाहीच पटले, तर दहा हजारांवर थांबा. सपाट फळीला तेवढेही लागत नाहीत.

काम दिवाळीनंतर सुरू करावे. पावसाळ्यात घडवलेला सांधा उन्हाळ्यात सैल होतो आणि मे महिन्यात घट्ट ठोकलेला ऑगस्टमध्ये फुगून चौकट उघडतो. थंडीत हवा या दोन्ही टोकांच्या मधे असते. तोवर फळ्या घरात, खाली चिपा देऊन, एकावर एक मोकळ्या रचून ठेवा. पहिली सपाट फळी चिंचेखाली मांडावी, तिच्या वेड्यावाकड्या बुंध्याला ती शोभेल. वडाला तिच्यावर ठेवू नका, त्याला पायांचा बुटका स्टँडच लागेल, आणि तो पुढच्या हिवाळ्याचे काम आहे.